रविवार कुठं जातो?

सोमवारी सकाळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या गाड्यावर कुणालाही विचारा, "काय गा, रविवार कसा गेला?" उत्तर ठरलेलं असतं. "कसला रविवार, कधी आला नि कधी गेला, कळलंच नाही." आणि हे सांगणारा गडी रविवारी साडेनऊपर्यंत झोपलेला असतो, दुपारी मटण-भाकरी हाणून पुन्हा आडवा झालेला असतो, संध्याकाळी मोबाइलवर बोट फिरवत बसलेला असतो. अंगाला कष्ट काहीच नाहीत, तरी सोमवारी तो शनिवारपेक्षा जास्त मरगळलेला.

याला आळस म्हणून मोकळं होता येतं, पण त्यानं काही उलगडत नाही. माणसाला विसावा नेमका कशानं मिळतो, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बराच अभ्यास झालाय. मानसशास्त्रवाल्यांनी केला, झोपेवाल्यांनी केला, समाजशास्त्रवाल्यांनीही थोडा केला. तो आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सुट्टीला लावून बघायचा, एवढंच इथं करायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांचा रविवार वाया जातो तो त्यांचं काम शनिवारी संपत नाही म्हणून. बेत नव्हता, पैसे नव्हते, पाऊस होता, ही सगळी नंतरची कारणं.

ही सुट्टी आली कशी

रविवारची सुट्टी पंचांगातून आलेली नाही, ती भांडून मिळवलेली आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत एकोणिसाव्या शतकात कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबायचे आणि हक्काची साप्ताहिक सुट्टी अशी नव्हतीच. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. सभा झाल्या, अर्ज गेले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम, आठवड्यातून एक सुट्टी आणि त्या दिवशी बोलावलंच तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी, असं ठरवून दिलं. बदली करताना सलग दहा दिवसांहून जास्त काम होता कामा नये, हेही त्यातच होतं. आता नव्या श्रमसंहिता आल्या तरी आठवड्यातून एक दिवस सुट्टी हे तत्त्व कायम आहे.

सीमाभागात राहायची यात एक वेगळीच मजा आहे. कोल्हापुरात सरकारी कचेरीत असलेल्या मेव्हण्याला २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा. इकडं कर्नाटकात सरकारी कचेऱ्यांना दुसरा शनिवार होताच, २०१९ पासून चौथाही मिळाला. बँकांना देशभर सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार. फौंड्रीत म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मागावर, खडेबाजारातल्या दुकानात राबणाऱ्याला मात्र एकच दिवस, आणि तोही दरवेळी रविवार असेल असं नाही. त्यामुळे दोन दिवसांच्या सुट्टीवर लिहिलेले सल्ले आपल्याकडच्या अर्ध्या लोकांना लागूच पडत नाहीत. पुढं जे लिहितोय ते एका दिवसाची सुट्टी धरून. दोन असतील तर भाग्यवान समजा.

गेटमधून माणूस बाहेर, काम आत

पंचिंग मशीनवर अंगठा टेकवून बाहेर पडलं की अंग सुटतं. डोकं सुटेलच असं नाही. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ साबिना सोनेनटाग यांनी कामानंतरच्या विसाव्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सुट्टीत मन कामापासून तुटलं तरच शीण उतरतो. माणूस घरी सोफ्यावर लोळत असला, पण सोमवारच्या डिस्पॅचचा विचार करत असला, तर त्याचं शरीर कामावरच असतं. ताणाचे हार्मोन उतरत नाहीत, झोप उथळ लागते. त्यातही वाईट भाग असा की कामाचा ताण जितका जास्त, तितकं मन कामापासून सोडवणं अवघड जातं. म्हणजे विसाव्याची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो. दमलेल्या माणसाला "जरा आराम कर की" असं सांगून काही होत नाही, ते यामुळेच.

मन चिकटून का राहतं? ब्लूमा झाइगार्निक नावाच्या संशोधिकेनं बर्लिनमध्ये केलेले प्रयोग १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि त्यातली निम्मी मध्येच तोडायला लावली. नंतर विचारल्यावर लोकांना अर्धवट राहिलेली कामं जास्त आठवली. पुढं इतरांनी करून पाहिलेल्या प्रयोगांत हा निकाल दरवेळी तसाच आला असं नाही, पण अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं हा अनुभव कुणाला नाही? २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी त्याच्या पुढची, आपल्या उपयोगाची गोष्ट दाखवली. काम पूर्ण झालं नसलं तरी ते कधी, कुठं, कसं करायचं हे नेमकं ठरवून टाकलं, की त्याचं घोळणं थांबतं. मनाला काम संपलेलंच हवं असं नसतं, त्याचा बंदोबस्त झालेला हवा असतो.

यातून एक उपाय निघतो आणि माझ्या मते साऱ्या लेखात हाच सर्वांत कामाचा आहे. शनिवारी निघण्यापूर्वी पाच-सात मिनिटं बसायचं आणि सोमवार कागदावर उतरवायचा. कसा, ते दाखवतो. फौंड्रीच्या ऑफिसातला एखादा माणूस असं लिहील: "सोमवार, सकाळी दहा. कोइमतूरच्या पार्टीला फोन. त्याआधी रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचे फोटो फेटलिंग विभागातून मागवून ठेवणे. साडेअकरा. बँक, चेकबुक. जेवणानंतर. कोअर शॉपमधल्या पोराच्या ॲडव्हान्सबद्दल मालकांशी बोलणे, रक्कम आधी वहीत बघून." प्रत्येक कामाला वेळ आहे आणि पहिली पायरी आहे. हेच "कोइमतूर, बँक, ॲडव्हान्स" असं तीन शब्दांत खरडलं तर रविवारी दुपारी जेवताना कोइमतूर पुन्हा ताटाशेजारी येऊन बसणारच. कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा, खिशात नाही.

मग उरतो फोन. शिफ्टचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद करता येत नाही हे मान्य, आवाज बंद करता येतो. जर्मनीतच २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की सुट्टीच्या वेळी कामासाठी 'उपलब्ध राहा' असं सांगितलेल्या दिवशी लोकांचा मूड उतरलेला होता आणि दुसऱ्या सकाळी कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढलेलं होतं. फोन वाजेल या अपेक्षेतच माणूस थकतो. मालक समजूतदार असेल तर सरळ बोलून घ्यावं: "साहेब, रविवारी दहा ते साडेदहा फोन करा, मी उचलतो. नंतर अगदीच भट्टी बंद पडली तर घरच्या नंबरवर." बरेच मालक ऐकतात. न ऐकणारेही असतात, त्यांच्यापुढं शास्त्राचं काही चालत नाही.

चार गोष्टी, आणि आपण एकीवरच थांबतो

सोनेनटाग यांनी शार्लोट फ्रिट्झ यांच्याबरोबर २००७ मध्ये विसाव्याचे चार घटक मांडले. पहिला, मन कामापासून तुटणं, त्याचं वर झालं. दुसरा, अंग सैल सोडणं. यात आपण तरबेज आहोत, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. तिसरा घटक लोकांना पटायला जड जातो. नवीन काही शिकणं, जमवणं, थोडी मेहनत लागेल असं काही करणं, यानंही विसावा मिळतो. वरवर उलटं वाटतं, पण इकडची खेडी बघा. आठवडाभर गवंडीकाम करणारा माणूस रविवारी रात्री भजनी मंडळात पखवाज घेऊन दोन-दोन तास बसतो आणि ताजातवाना होऊन उठतो. दिवसभर कॉम्प्युटरवर असलेला पोरगा संध्याकाळी झांजपथकाच्या सरावाला जातो, हाताला फोड येतात, तरी त्याचा सोमवार बरा जातो. डोकं रोजच्यापेक्षा वेगळ्या कामाला लागतं, त्यात आपण पुढं सरकतोय हे दिसतं, आणि चुकलं तर पगार कापत नाही.

वेगळेपणा महत्त्वाचा. रोज उभ्यानं राबणाऱ्यानं रविवारी बसावं आणि रोज बसून काम करणाऱ्यानं उठावं, इतकं ते साधं आहे. अनगोळचा एखादा बँकवाला रविवारी परसात कुदळ मारतो तेव्हा शेजारी हसतात. पण शेजाऱ्यापेक्षा त्याची सुट्टी बरी गेलेली असते.

चौथा घटक म्हणजे ताबा. आज काय करायचं हे मी ठरवलं, ही भावना. इथं आपल्याकडची सर्वांत मोठी गळती आहे आणि तिचं नाव पत्रिका. मार्च ते मे या महिन्यांतले रविवार आपले नसतातच, ते लग्न, बारसं, वास्तुशांत आणि जावळवाल्यांचे असतात. सकाळी येळ्ळूरला साखरपुडा, दुपारी शहापुरात जेवण, संध्याकाळी हलग्याला कुणाचं तरी रिसेप्शन. सगळीकडं गोड बोलून, आहेर देऊन, पार्किंग शोधून माणूस घरी येतो तो अंग मोडून. नात्यागोत्याला नाही म्हणा असं मी सांगणार नाही, सांगून कुणी ऐकणारही नाही. पण घरातल्या मंडळींनी वाटून घेतलं तर? एका लग्नाला दाजी जातील, दुसऱ्याला वहिनी. आणि अशा दिवसातही एक तास आपल्या मर्जीचा आधी बाजूला काढला, सकाळी सहा ते सात का असेना, तर दिवस हातातून गेला असं वाटत नाही.

झोपेचं गणित

रविवारी उशिरापर्यंत झोपलं की आठवड्याची झोप भरून निघते, असा समज पक्का आहे. तो अर्धाच खरा आहे.

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते सरासरी चोवीस तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी मंद चालतं. सकाळचा उजेड त्याला रोज जागेवर आणतो. आता समजा, तुम्ही एरवी रात्री ११ ला झोपता आणि ६ ला उठता. झोपेचा मध्य अडीचला येतो. शनिवारी मात्र मॅच किंवा सिनेमा बघत १ वाजतो आणि रविवारी ९ ला जाग येते. मध्य आता पाचला. अडीच तासांचा फरक. भारत आणि सौदी अरेबियाच्या घड्याळांतही नेमका अडीचच तासांचा फरक आहे. म्हणजे शनिवारी रात्री तुम्ही रियाधला जाऊन येता आणि सोमवारी सहाच्या गजराला परत बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरता. म्युनिकमधले टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. जातानाचा प्रवास सोपा वाटतो, कारण घड्याळ मुळातच मंद असल्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं. परत येणं जड जातं, आणि तो परतीचा दिवस सोमवारच असतो.

उशिराच्या झोपेनं शरीराचं नुकसान तरी भरून निघतं का? अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २०१९ मध्ये काही तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, त्यातल्या एका गटाला शनिवार-रविवारी हवं तितकं झोपायची मुभा दिली आणि मग पुन्हा पाच तासांवर आणलं. दोन दिवस झोप काढूनही त्या गटाची इन्सुलिनला मिळणारी साथ घटलेलीच राहिली. म्हणजे साखर पचवायची यंत्रणा दोन दिवसांत सावरली नाही.

मग करायचं काय? उठायची वेळ एका तासाहून जास्त पुढं ढकलू नका. झोप कमी पडलीच असेल तर शनिवारी रात्री लवकर पडा, किंवा दुपारी अर्धा तास. जेवणानंतरचे तीन तास नकोत, कारण त्यानं रात्रीची झोप लांबते. संध्याकाळच्या चहाबद्दलही थोडं. कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. रविवारी पाव्हणे आले की चहाच्या फेऱ्या थांबत नाहीत हे खरं, आपल्या कपात दूधच घ्यावं.

सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी

इथं जरा रेंगाळायचंय, कारण आपल्या भागाला हे आधीपासून ठाऊक होतं.

बेळगाव तालुक्यातल्या गावांत वार पाळणूक असते. देवीच्या यात्रेआधी गाव बसून ठरवतं, इतके मंगळवार आणि इतके शुक्रवार पाळायचे. त्या दिवशी औत जुंपायचं नाही, शेताकडं कामाला जायचं नाही. कुणी गेलंच तर लोक नुसते बघतात, तेवढं पुरतं. उत्तर कर्नाटकात सोमवारी बैल न जुंपण्याची रीतही आहे, बसवण्णाचा वार म्हणून. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यातली रचना फार शहाणी वाटते. सुट्टी गावाला एकदम आहे. शेजाऱ्याचं औत चाललंय आणि आपण बसलोय, अशी रुखरुख नाही. कोण पुढं जाईल याची धास्ती नाही. आणि सगळेच मोकळे, त्यामुळे पारावर बोलायला माणूस आहे.

हेच अमेरिकेतल्या दोन समाजशास्त्रज्ञांनी, क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम यांनी, २०१४ मध्ये आकड्यांनी दाखवलं. पाच लाखांहून जास्त लोकांच्या रोजच्या मनःस्थितीची माहिती त्यांनी तपासली. नोकरी करणारे शनिवार-रविवारी जास्त आनंदी असतात, यात नवल नाही. पण बेकार माणसांचा आनंदही त्याच दोन दिवशी जवळजवळ तितकाच वाढलेला दिसला. त्यांना तर सातही दिवस रिकामे. मग शनिवार-रविवारीच काय होतं? तर बाकीचे मोकळे होतात. सुट्टीचा वेळ एकट्यापाशी कितीही असला तरी त्याची गोडी दुसऱ्याकडंही वेळ असण्यात आहे.

याचा उलटा प्रयोगही होऊन गेलाय, आणि तो अख्ख्या देशावर झाला. १९२९ मध्ये सोव्हिएत रशियानं कारखाने एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून सात दिवसांचा आठवडाच मोडला. पाच दिवसांचा आठवडा केला, कामगारांचे पाच रंगांचे गट पाडले आणि प्रत्येक रंगाला वेगळ्या दिवशी सुट्टी दिली. कागदावर कामगाराला सुट्ट्या जास्त मिळत होत्या. पण नवऱ्याची सुट्टी पिवळ्या रंगाच्या दिवशी, बायकोची हिरव्या, मुलांची शाळा तिसऱ्याच दिवशी बंद. घरात कुणी कुणाला भेटेना. तक्रारी वाढल्या, यंत्रंही सतत चालून बिघडू लागली. १९३१ मध्ये ही पद्धत सोडून सर्वांना एक समान सुट्टीचा दिवस दिला आणि १९४० मध्ये रविवार परत आणला.

म्हणून सुट्टीचा बेत ठरवताना 'काय करायचं' याआधी 'कुणाबरोबर' हे ठरवलं तर निम्मं काम होतं. आपल्याकडं हिवाळ्यात त्याची सोय गावंच करतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा अशा गावांत रविवारी मराठी साहित्य संमेलनं भरतात. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: सकाळी गल्लीतून ग्रंथदिंडी निघते, दारोदारी रांगोळ्या, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, लेझीम खेळणारी शाळेची पोरं, पुढं टाळकरी. मग मंडपात अध्यक्षांचं भाषण, जे लांबतंच. दुपारी गावच्या स्वयंसेवकांनी वाढलेलं जेवण, पंगतीत शेजारी कोण येईल सांगता येत नाही. जेवणानंतर कथाकथन, आणि शेवटी कवी संमेलन. व्यासपीठावरचं सगळं चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. पण वर सांगितलेल्यापैकी बरंच काही तिथं एका दिवसात जमून येतं. कामाचा विषय निघत नाही, डोक्याला वेगळं खाद्य मिळतं, माणसं भेटतात, आणि खर्च म्हणाल तर बसभाडं. वर्षभरासाठी शहरात १८४८ साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय आहेच. तिथं कुणाशी बोललं नाही तरी माणसांत बसल्यासारखं वाटतं.

घरातल्या बाईचा रविवार

आतापर्यंतचं सगळं वाचून घरातल्या वहिनींनी हसून मान उडवली असेल. मटण आणणारा दहा मिनिटांत मोकळा होतो. वाटण करायचं, भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची, आठवड्याचे कपडे आणि सोमवारचे गणवेश, हे कुणी करायचं? देशाच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या. पुरुषांमधले जे घरकाम करत होते ते ९७ मिनिटं, आणि असे पुरुष होतेच मुळात शेकडा २६. बायका शेकडा ८१. रविवारी सगळे घरी असल्यामुळे हे काम घटत नाही, वाढतं.

वर सांगितलेले चार घटक इथं लावून बघा. नोकरी करणाऱ्या बाईचं मन ऑफिसातून तुटतं आणि थेट ओट्याला चिकटतं. ताबा नाही, बदल नाही. उपायही तसा सरळ आहे: घरातल्या दुसऱ्या कुणीतरी एक वेळचं जेवण पूर्णपणे अंगावर घ्यायचं. पूर्णपणे म्हणजे काय करायचं हे ठरवण्यापासून ओटा पुसेपर्यंत. "तू सांग, मी करतो" ही मदत नव्हे, त्यात विचार करायचं काम तिच्याकडंच राहतं. ज्या घरात हे जमत नाही तिथं बाई घराबाहेर पडणं हाच एक मार्ग उरतो. त्याला ११ जून २०२३ पासून सुरू झालेल्या शक्ती योजनेनं बळ दिलंय. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास करता येतो, ओळखपत्र दाखवलं की झालं. सौंदत्तीच्या यल्लम्माला, गोकाकच्या धबधब्याला, किंवा नुसतं खानापूरला बहिणीकडं जायला आता कुणाकडं पैसे मागावे लागत नाहीत. गर्दी असते, कंडक्टर वैतागतो, ते चालायचंच.

फिरायला जायचं असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण यावर सल्ले देणारे भरपूर आहेत. एका दिवसाच्या सुट्टीत ६०-७० किलोमीटरवरची आंबोली पावसाळ्यातल्या रविवारी गाठायची म्हणजे निम्मा दिवस गाड्यांच्या रांगेत. खानापूर तालुक्यातल्या जंगलातल्या कित्येक धबधब्यांवर पावसाळ्यात वनखात्याची बंदी असते, चौकशी केल्याशिवाय निघू नये. जवळचं बघितलेलं नसतं हे आपलं दुखणं. किती बेळगावकरांनी किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, नीट, वर मान करून, छतावरचं दगडी कमळ बघितलंय? ती १२०४ सालची आहे. कदंब राजांच्या वेळची हलशी खानापुरातून थोड्याच अंतरावर आहे आणि राजहंसगडावर तर चहा घेऊन निघालं तर जेवायला घरी येता येतं.

अमेरिकेत २०२० च्या सुमारास कॉलिन वेस्ट, कॅसी होम्स आणि सँडफर्ड डिव्हो यांनी एक छान प्रयोग केला. नोकरदारांच्या एका गटाला सांगितलं, हा शनिवार-रविवार नेहमीसारखा घालवा. दुसऱ्याला सांगितलं, सहलीला आल्यासारखा घालवा. दुसरा गट सोमवारी जास्त समाधानी होता. त्यांचं समाधान जास्त पैसे उडवल्यामुळे आलेलं नव्हतं. त्यांनी घरकाम थोडं कमी केलं आणि जे करत होते त्याकडं त्यांचं लक्ष जास्त होतं. गोव्याला गेल्यावर आपण रस्त्याकडं, माणसांकडं बघत चालतो, तसं गणपत गल्लीतून शनिवारच्या बाजाराला जाताना बघितलं, एवढंच ते आहे.

रविवार संध्याकाळ, आणि ज्यांचा रविवार नाही ते

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पोटात जो गोळा येतो, तो बहुधा अर्धवट सोमवारचा असतो. त्यावर शनिवारचा कागद हा एक इलाज. दुसरा इलाज क्रम बदलण्याचा. डॅनियल कानेमन आणि बार्बरा फ्रेडरिकसन यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की एखादा अनुभव आठवताना आपल्याला तो किती वेळ चालला याची फारशी नोंद राहत नाही. त्यातला सर्वांत ठळक क्षण आणि त्याचा शेवट, हे दोनच लक्षात राहतात. आपण नेमकं उलटं करतो. आवडीचं सगळं सकाळी उरकतो आणि इस्त्री, बिलं, पोरांचा राहिलेला गृहपाठ रविवारी रात्रीवर ठेवतो. मग आठवणीत रविवार म्हणजे इस्त्रीच राहते. ही कामं शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी उरकावीत आणि कॅम्पातला फेरफटका, मित्राकडं पत्ते, भजन, जे काही आवडतं ते रविवारी पाच ते आठमध्ये ठेवावं.

ज्यांची सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी असते, त्यांचं दुखणं वेगळं. झोप आणि कागदाचे नियम त्यांनाही तसेच लागू. पण घरचे शाळेत, मित्र कामावर, त्यामुळे दिवस मोकळा असूनही सुना जातो. असे आपल्यासारख्याच सुट्टीचे दोघं-तिघं शोधून त्यांच्याबरोबर काहीतरी ठरलेलं ठेवणं बरं. तालीम, पोहणं, वाचनालय, काहीही चालेल, फक्त वार ठरलेला हवा. आणि महिन्यातून एकदा सहकाऱ्याशी बदली करून रविवार मिळवता येतो का, हे सुपरवायझरला विचारून ठेवावं. सणाच्या महिन्यात विचारलं तर नाहीच म्हणतील, आषाढात विचारा.